बाहेरचा नाश्ता रोज, पण घड्याळ बघून

वाचकाचे पत्र: नाशिकहून बदली होऊन चार महिन्यांपूर्वी कोल्हापुरात आलो. वय ४७, बँकेत नोकरी. कुटुंब नाशिकलाच आहे. राजारामपुरीत एक खोली घेतली आहे. स्वयंपाकाची सोय नाही, फक्त विजेची किटली आहे. दुपारी आणि रात्री डबा येतो, नाश्ता मात्र रोज बाहेर. आठवड्यातून चार वेळा मिसळ, उरलेले दिवस पोहे नाहीतर वडा, आणि वर दोन चहा. अकराच्या सुमारास एकतर छातीत जळजळ सुरू होते, नाहीतर पुन्हा कडकडून भूक लागते. मागच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं. बायको म्हणते, ओट्स आण आणि खोलीतच खा. पण सकाळी बाहेर बसलं की चार माणसं भेटतात, ते मला सोडवत नाही. बाहेरचा नाश्ता बंदच करायला हवा का? शिवाय पुढच्या महिन्यात बायको आणि नऊ वर्षांची मुलगी येणार आहेत. मुलीला तिखट सोसत नाही. तिला मिसळ कशी खायला घालू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

बंद करायला नको. तुमच्या पत्रात काय खाता ते सगळं आलं आहे, पण किती वाजता खाता ते आलेलं नाही, आणि आमच्या मते गोम तिथेच आहे. बँक दहाला उघडते, म्हणजे तुम्ही नऊ-सव्वानऊला नाश्त्याच्या टेबलावर बसत असणार. नाश्त्याच्या हॉटेलात सकाळी साडेसातची ताटली आणि साडेनऊची ताटली हे दोन वेगळे पदार्थ असतात, नाव एकच असलं तरी.

पोह्यांचंच बघा. पहिली कढई उतरते तेव्हा पोहे मऊ आणि सुटे असतात, वाफ निघत असते. तासाभराने त्यांतलं पाणी उडतं, पोहे कडक होऊन घशात अडकायला लागतात. मग कोणी वरून पाण्याचा हबका मारतं, कोणी तेलाची धार सोडतं. पातेल्याखाली उकळतं पाणी ठेवून वर झाकण असेल तर नऊपर्यंत चालून जातं. पण नुसतेच परातीत उघडे पडलेले कोमट पोहे घेऊ नका. तांदळाचा शिजलेला पदार्थ कोमट राहिला की त्यात उलटी-जुलाब करणारे जिवाणू वाढतात. साठ अंशांच्या वर गरम राहिलेला पदार्थ सुरक्षित समजावा. हाताला चटका बसेल इतका गरम, हे साधं माप. उप्पीट आणि इडलीलाही हाच नियम. ओल्या खोबऱ्याच्या चटणीचं आयुष्य त्याहून कमी. उन्हाळ्यात दहाच्या पुढे तिचा वास घेतल्याशिवाय बोट लावू नका. त्यापेक्षा उकळतं सांबार मागा.

वड्याची गोष्ट आणखी नाजूक. सकाळचा पहिला घाणा कढईतून थेट ताटलीत येतो. गर्दीच्या ठिकाणी पुढचे घाणे अर्धेकच्चे तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात सोडतात. असा वडा मोडून बघा: बाहेरचं आवरण जाड, काळपट तांबूस आणि कडक असतं, आवरण आणि बटाट्यामध्ये फट दिसते, आणि आवरणाची आतली बाजू तेलाने चिकट लागते. एकदाच तळलेल्या वड्याचं आवरण पातळ असतं आणि बटाट्याला धरून राहतं.

कढई दिसत असेल तर तेलाकडेही नजर टाका. चांगल्या तेलात वडा सोडला की मोठे, स्वच्छ बुडबुडे येतात आणि वडा तळला जाईल तसे बसत जातात. थकलेल्या तेलावर बारीक फेस चढतो आणि तो काठाकडे सरकत राहतो, रंग काकवीसारखा होतो, मंद आचेवरही धूर दिसतो. तळणाच्या तेलात खराब झालेले घटक, ज्यांना ध्रुवीय संयुगं म्हणतात, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोजायचं यंत्र तुमच्या खिशात नसणार, पण फेस आणि धूर डोळ्यांना दिसतात. फेसाळलेल्या तेलातला वडा खाऊन दिवसभर करपट ढेकर येत असतील तर दोष बटाट्याचा नाही.

आता मिसळ, कारण तुमचा खरा जीव तिच्यात आहे.

नाशिकला तुम्ही काळ्या मसाल्याच्या रश्शाची मिसळ खात आलात. सोबत पापड, दही, लादीपाव, आणि त्या रश्शाला भाजक्या मसाल्याची चव. कोल्हापूरचा कट वेगळ्या बांधणीचा असतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण यांचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी तेलात चांगली परतून त्यावर पाणी घालून उकळवतात. तेल सुटून वर जो लाल थर येतो तो तवंग. तिखटपणाचा मोठा वाटा या थरात असतो, कारण मिरचीतला जहाल घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. जीभ भाजल्यावर तांब्याभर पाणी प्यायलं तरी आग शमत नाही ती यामुळेच. दही किंवा दूध घेतलं की ती उतरते. दुधातली प्रथिनं तो घटक जिभेवरून सोडवून नेतात.

म्हणजे कट सोडायची गरज नाही, तवंग सोडला तरी पुष्कळ. कट वेगळ्या वाटीत मागा. वाटी दोन मिनिटं न हलवता ठेवा. तेल वर जमा होतं, ते चमच्याच्या कडेने अलगद काढून रिकाम्या ताटलीत टाका. दोन मोठे चमचे सहज निघतात. एका मोठ्या चमच्यात साधारण १५ मिलिलिटर तेल, म्हणजे सव्वाशेच्या आसपास उष्मांक. खाली उरतो तो दाट रस्सा, त्यात वाटणाची सगळी चव असते. बादलीतून वाढणाऱ्या पोराला "खालून दे" म्हटलं की तो डाव तळापर्यंत घालतो. "वरचा दे" म्हणणारी गिऱ्हाईकं त्याला रोज भेटतात, त्यामुळे तुमचं म्हणणं त्याला पटकन कळेल.

रंगावरून घाबरू नका. ब्याडगी मिरची कटाला लालभडक करते, पण तिखट फारशी नसते. संकेश्वरीचा रंग तितका उठत नाही, पण ती घाम काढते. त्यामुळे फिकट दिसणारा कट जास्त भाजू शकतो. संशय घ्यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा: मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, म्हणून तवंग लाल आणि त्याखालचा रस्सा तपकिरी-तांबूस दिसायला हवा. तेलाखालचं पाणीसुद्धा कुंकवासारखं लाल असेल आणि बोटाला लागलेला डाग साबणाने धुऊनही जात नसेल, तर वरून रंग घातलेला असण्याची शक्यता आहे. असं ठिकाण सोडा.

मिसळीतही वेळ आडवी येते. सकाळी उकळत ठेवलेला कट आठ-साडेआठपर्यंत मुरून उत्तम होतो. दहाच्या पुढे तो कमी पडू लागला की पुष्कळ ठिकाणी गरम पाणी वाढवतात आणि चव-रंग राखायला वरून तिखट आणि तेलाची नवी फोडणी ओततात. ही घाईची फोडणी मुरलेली नसते, तिचं तिखट कच्चं राहतं आणि तेच छातीत जळतं. रविवारी तर हे नक्की. म्हणून कोणत्याही ठिकाणाची परीक्षा रविवारच्या रांगेवरून करू नका. मंगळवारी किंवा बुधवारी आठ वाजता जा.

तुमच्या पोटाचं आणि साखरेचं गणित इथून पुढे. ६.१ हा आकडा मधुमेहाच्या अलीकडचा आहे, ५.७ ते ६.४ हा पट्टा पूर्वमधुमेहाचा धरतात. नाश्त्यातून तो किती हलतो ते बघा. कोल्हापुरात मिसळीबरोबर जाड कापाचा स्लाईस पाव येतो. असा एक काप ३० ते ३५ ग्रॅमचा, त्यात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. चार काप झाले की ६० ग्रॅम. त्यावर मूठभर फरसाण म्हणजे आणखी १५ ग्रॅम, शिवाय दहा-बारा ग्रॅम तेल. आणि मटकी? ती तळाशी तीन-चार चमचे. म्हणजे ज्या एका जिनसामुळे मिसळ पोटभरीचा नाश्ता ठरते, तोच ताटलीत सगळ्यांत कमी असतो. अकराला भूक लागते ती याच कारणाने. पोह्यांच्या दिवशीही तेच: एका ताटलीत ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच.

तेव्हा मागणी अशी करा: "एक मिसळ, मटकी जादा, फरसाण वेगळं, कट वाटीत, दोनच पाव, आणि एक दही." जादा मटकीचे पैसे लागले तर द्या, ते वसूल होतात. शिजलेल्या मटकीच्या शंभर ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. खाताना आधी मटकी आणि दही निम्मं संपवा, मग पाव मोडा. उसळ आधी आणि पाव मागून गेला की रक्तातली साखर त्याच घासांनी कमी चढते. फरसाण चमच्या-चमच्याने घाला, म्हणजे कुरकुरीतही राहतं आणि निम्म्यात भागतं. सगळं एकदम कालवून घेणारा माणूस शेवटचे घास लगदा खातो आणि त्यासाठी तिसरा पाव मागवतो. लिंबू पिळा. कांदा हवा तर घ्या, पण जळजळ चालू आहे तोवर कच्चा कांदा बाजूला ठेवलेला बरा. पावसाळ्यात तर आधी चिरून ठेवलेला कांदा-कोथिंबीर आणि टेबलावरच्या जगमधलं पाणी, दोन्ही टाळा. स्वतःची बाटली न्या.

आठवड्यात मिसळ दोनदा ठेवा, सलग दोन दिवस नको. एक-दोन दिवस इडली-सांबार, त्यात सांबार दोन वाट्या. एक दिवस थाळीपीठ आणि दही. भाजणीत डाळी असल्याने ते पोह्यांपेक्षा जास्त वेळ पोटात टिकतं, फक्त वरचा लोण्याचा गोळा सुपारीएवढा राहू द्या. पोहे खायचे त्या दिवशी खोलीवरून निघताना प्रथिनं खाऊन निघा. तुमची किटली इथे कामाला येते. अंडी खात असाल तर दोन अंडी बुडतील इतकं पाणी घालून किटली लावा, उकळी येऊन ती आपोआप बंद झाली की झाकण न उघडता बारा मिनिटं ठेवा. अंडी उकडलेली मिळतात. खात नसाल तर रात्री मूठभर शेंगदाणे भिजत घाला. तीस ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. लोणी डोसा महिन्यातून दोनदा, मनापासून. वडाही तसाच, पहिल्या घाण्याचा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी हा नाश्त्यातला सर्वांत कमकुवत पर्याय आहे, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खायचीच तर अर्धी घ्या आणि सोबत दही, काकडी.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याची ओढ तुम्हाला लागलीच असेल. म्हशीचं दूध उत्तमच, पेलाभर दुधात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. पण डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध कितीही ताजं असलं तरी कच्चं असतं. जनावराला ब्रुसेलोसिस किंवा क्षय असेल तर तो त्यातून माणसाला होऊ शकतो. दूध उकळलेलं आणि बिनसाखरेचं घ्या.

चहाबद्दल थोडं परखड बोलावं लागेल. नाश्त्याच्या हॉटेलातला चहा साखर घालूनच उकळलेला असतो, त्यामुळे "साखर कमी" या सांगण्याला तिथे अर्थ नसतो. एका कपात दोन चमचे धरले तर तुमच्या दोन कपांत १६ ते २० ग्रॅम साखर झाली, आणि तीही जेव्हा साखर आधीच चढत असते तेव्हा. वेगळा बिनसाखरेचा करून देत असतील तर तो घ्या. नाहीतर एकच कटिंग, आणि नाश्त्यानंतर तासाभराने बँकेत. जळजळीचं दुसरं कारणही इथेच आहे. तेल पोटातून पुढे सरकायला वेळ लावतं, त्यावर गरम चहा पडतो आणि लगेच तुम्ही खुर्चीत वाकून बसता. आठला खाल्लं तर दहापर्यंत पोटाला दोन तास मिळतात. हॉटेलातून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, राजारामपुरीच्या गल्ल्यांतून एक फेरा. साखर आणि जळजळ, दोन्हींना त्याचा उपयोग होतो.

ठिकाण निवडताना फलक वाचा. तीन-चारच पदार्थ आणि दुपारी एकपर्यंत सगळं संपवून शटर खाली, असं ठिकाण साठ पदार्थांच्या फलकापेक्षा भरवशाचं, कारण तिथे कालचं काही उरत नाही. मग हात धुवायच्या निमित्ताने आत जा. ताटल्या वाहत्या नळाखाली धुतल्या जातात की एकाच टोपात बुचकळून काढतात? टेबल पुसायचं फडकं ताटलीवरून तर फिरत नाही ना? गल्ल्यावरचा माणूस नोटा मोजलेल्या हाताने पाव देतो का? पार्सल छापील वर्तमानपत्रात बांधत असतील तर सांगून बघा. शाई गरम तेलात उतरते, आणि असं बांधू नये अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिलेली आहे. प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असायला हवा. तो आहे म्हणून स्वच्छता आहे असं नव्हे, पण तो लावण्याची तसदीही ज्याने घेतली नाही त्याच्याकडे रोज खाऊ नये.

दोन ठिकाणं पक्की करा. एक मिसळीचं, एक इडली-थाळीपीठाचं. रोजच्या गिऱ्हाइकाला सवलत मागावी लागत नाही, त्याची सवय तिथे माहीत होते. पहिल्या आठवड्यात मालकाला गल्ल्यावर शांतपणे सांगा, "मालक, डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय, कट वेगळा देत जावा." गर्दीत वाढणाऱ्यावर ओरडून सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. महिन्याचं खातं चालत असेल तर वहीत मांडायला सांगा आणि एक तारखेला चुकता करा. आठ दिवसांत "नेहमीचं का?" असा प्रश्न येईल आणि तुमची ताटली न सांगता बरोबर येईल. तुम्ही लिहिलेली ती चार माणसं साडेसात-आठलाही असतात. वेळ अलीकडे आणली तर कदाचित नवी चार भेटतील.

ओट्सबद्दल ताईंचं म्हणणं टाकून देऊ नका. हॉटेलच्या सुट्टीच्या दिवशी आणि पाऊस धो-धो कोसळत असताना तेच उपयोगी पडतील. मात्र मसाल्याची पाकिटं नकोत, त्यांत मीठ फार असतं. साधे ओट्स, किटलीतलं गरम पाणी, वर दही.

एक गोष्ट यापलीकडची आहे. जिना चढताना किंवा भराभर चालताना छातीत दाब येत असेल, तो जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वयाची पंचेचाळिशी आणि वाढती साखर असताना ही सूट घेऊ नये. घास अडकणं, काळी शौचाला होणं, कारण नसताना वजन घटणं, यांपैकी काही असेल तरीही तसंच. आणि वरचे बदल नीट करूनही दोन आठवड्यांत जळजळ थांबली नाही तर तपासून घ्या. रोज पित्ताची पुडी घेत राहणं हा त्यावरचा इलाज नाही. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्यात नाश्त्यातला फरक दिसेल.

मुलीला मिसळ जरूर खायला घाला. तिच्यासाठी नुसती मटकीची उसळ, त्यावर शेव आणि दोन चमचे दही मागवा, कट अजिबात घालू देऊ नका. मटकीला हळद-मिठाची साधी फोडणी असते की ती आधीच तिखट असते, हे वाढण्याआधी विचारा. ठिकाणागणिक फरक असतो. दुसऱ्या वाटीत खालचा रस्सा घ्या, वरचं तेल काढा, आणि पावाचं टोक त्यात बुडवून तिला तिच्या हाताने चव बघू दे. आवडलं तर दुसरा घास ती स्वतः बुडवेल. शेजारी कोमट दूध तयार ठेवा, पाणी नको. आणि रविवारी जात असाल तर आठच्या आत टेबल धरा. साडेनऊला रांगेत उभं राहून भुकेलेल्या मुलीला पातळ झालेला, वरून फोडणी दिलेला कट दाखवलात, तर पुढच्या खेपेला ती फक्त डोसा मागेल.